चहाला ऊन दाखवलं तो उन्हाळा

गेटची कडी वाजली आन माझ्या हातातलं सूप खाली पडलं.

मी स्लॅबवर. कठड्यावरून वाकून बघते तर ताई! खांद्याला पिशवी, कपाळाला माहूरचं कुंकू, संगं त्यांची मावशी. उद्या येनार व्हत्या त्या, उद्या. आन हिकडं माझ्या म्होरं जुन्या पातळावर मिरच्या, धने, खोबऱ्याच्या वाट्या, आन त्यांच्या मधी ताईच्या चहाच्या सातच्या सात भाकरी उघड्या पडलेल्या. मला काय सुचंना. भाकरी उचलावी तर तव्यावरून काढल्यावानी गरम. कागद हुडकावं तर दोन कागद वाऱ्यानं पान्याच्या टाकीखाली गेलेले. परी, माझी लेक, तवा दीड वर्साची, मिरचीचा हात डोळ्याला लावून बोंबलाय लागली. खालून ताई, "मंगल! अगं दार उघड, लई ऊन आहे." मी म्हनलं, "आले ताई, आले," आन एका काखेत परी धरली, एका हातानं कागद गुंडाळले, कोन्ता कागद कोन्त्या भाकरीचा त्ये बी बघितलं न्हाई. बांबूच्या सालीत सात एकावर एक कोंबल्या, वरून सुतळी बांधली आन जिना उतरले. पायात चप्पल न्हवती. पाय भाजले त्ये सांच्याला कळलं.

"माहूरला गर्दी लई," ताई म्हनल्या, "एक दिवस आधीच फिरलो. तू एवढी लाल का झालीस गं?"

"मिरच्या, ताई."

खोटं न्हवतं त्ये. आर्धं खरं व्हतं.

ह्या गोष्टीला वर्स झालं. आज परत मिरच्या स्लॅबवर हायेत. परत चैत सरला, परत येसराचं सामान आलं. आमच्याकडं वर्साच्या मसाल्याला येसूर म्हन्त्यात. सकाळच्या पारी पातळ पसरलं, धने हातानं सारखे केले, आन ऊन चढलं तसा धन्याचा वास वर आला. लोकांला ह्या वासानं भूक लागती. मी नाकाला पदर लावते.

मी भित्रीच हाय तशी. कुत्र्याला भेते, साहेबाला भेते, फोन वाजला तर भेते. शाळा आठवी अर्ध्यात सुटली. तवापासून कोनी काय इचारलं की आधी न्हाई म्हनायची सवय लागली. येतं का? न्हाई. बघितलं का? न्हाई. तू केलं का? न्हाई. खरं काय त्ये मागून बघू, आधी न्हाई. त्या एका न्हाईची गोष्ट हाय ही, आन चहाची हाय.

परीच्या पप्पाला लातूरला दाळमिलीत काम लागलं म्हनून आम्ही मुखेडकडून आलो. सांच्याला घरी येत्यात तवा भुवया सुद्धा तुरीच्या भुशानं पिवळ्या. ताईच्या घरी जिन्याखालची खोली भेटली, मी सैपाक आन झाडलोट करायची. मी भेतभेत इचारलं, "लेकरू संगं असलं तर चालंल का?" ताई म्हनल्या, "चालेल की. घरात कुणाचा तरी आवाज पाहिजेच आहे." पन्नाशीच्या बाई, एकल्या, आवाज बारीक. मला वाटलं, इथून आता उठायचं न्हाई. इथून उठलो तर मी आन परी परत गावाला, आन परीचे पप्पा एकले मिलीत. त्या खोलीत पहिल्या दिशी परी फरशीवर पालथी पडून थंडाव्यानं हसली व्हती.

ताई लई वर्स लांब चहाच्या कंपनीत व्हत्या. काम काय, तर चहा पिऊन सांगायचं. कोन्ता चांगला, कोन्ता वाईट, कोन्त्याला किती पावसाचं पानी लागलंय त्ये बी. मी आत्याबाईला, म्हंजी सासूबाईला, फोनवर सांगितलं तर त्या हसून हसून खोकल्या. "चहा प्यायची नोकरी? मंग तुझा सासरा तर मोठा साहेब झाला असता की गं!"

पर त्या साथीच्या तापात ताईचं नाक गेलं. ताप उतरला, नाक काय परत आलं न्हाई. नोकरी बी गेली, ताई घराला आल्या. मला कोनी सांगितलं न्हवतं. मला कळलं त्ये दुधामुळं. मी परीला न्हाऊ घालत व्हते, गॅसवर दूध, आन करपल्याचा वास मोरीपतूर आला. पळत आले तर ताई तिथंच, गॅसपासून हातभर, वही घेऊन बसलेल्या.

"ताई, दूध करपलं!"

ताईनं पातेल्याकडं बघितलं. मंग माझ्याकडं. "करपलं का," म्हनल्या. "मला नाही कळलं गं."

त्या दिशी मला एवढ्या मोठ्या बाईची पहिल्यांदा दया आली. दया येनं बी भ्यावाचं असतंय, मान्साच्या लई जवळ जातो आपन.

रोज येरवाळी, उजाडल्या उजाडल्या, ताई टेबलावर चार बाटल्या मांडायच्या. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. डोळे मिटून एकेक नाकापाशी न्यायच्या आन बसायच्या तशाच. डॉक्टर म्हनले व्हते, नाक वाट इसरलंय, रोज दाखवा, कवा तरी वळखंल. सोडू नका, सोडलं तर कायमचं जाईल. परी बी म्होरं बसून डोळे मिटायची आन तोंडानं फूऽ करायची. ताई हसायच्या. "हिला हुंगायचं कळत नाही, मला हुंगलेलं कळत नाही."

आन चहा. ताईचा चहा आपल्या चहावानी न्हवता. त्याचं नाव पुअर. कच्चा पुअर. लांब चीनच्या डोंगरात झाडाची पत्ती खुडत्यात, कढईत जरा परतत्यात, आन उन्हात वाळवून, दाबून, गोल भाकरी करत्यात. एक भाकर एका कागदात, सात भाकरी बांबूच्या सालीत. पहिल्यांदा बघितलं तवा मला शेनाची गोवरीच वाटली, ताईनं टेबलावर ठेवली तवा मी हात जोडून बाजूला सरकले. ताई म्हनल्या, "नाक असताना मी निवडलेला हा शेवटचा चहा. आत्ता हा कच्चा आहे, तरणा आहे, कडू लागतो. वर्साला एक भाकरी फोडायची, आणि कडूपणा कसा उतरत जातो ते लिहायचं. सात वर्सं पुरेल. पण लिहिणार कोण? माझी जीभ तर लाकूड झाली." आन माझ्याकडं बघितलं. "तू पी आणि सांग. मी लिहिते."

मी म्हनलं, "मला न्हाई येत." सवयीनं.

"चव बघायला शाळा नाही लागत, मंगल."

त्या उन्हाळ्याच्या दुपारी मला आता सपनावानी आठवत्यात. पडदे वढलेले, कूलर घुरघुरतोय, परी पाटावर झोपलेली, बाहेर रस्ता मुका. मी पोती शिवायच्या दाभनानं भाकरीच्या कडंला हळूच टोचायची, पत्ती तुटू द्यायची न्हाई, अख्खी सोडवायची. झाकनाच्या बारक्या वाटीत टाकायची. कप एवढाले, पोरींच्या भातुकलीतले असत्यात तसे. पहिलं पानी वतायचं आन लगीच फेकून द्यायचं, पत्ती जागी व्हाया. माझा जीव खाली-वर. लातुरात पानी फेकायचं? आमच्या गल्लीत टँकरला बाया घागरी लावत व्हत्या! मी त्ये पानी वाटीत धरायची आन तुळशीला घालायची. ताई बघायच्या. मंग दुसरं पानी, मनात दहा मोजायचं, आन वतायचं. तिसरं, चौथं, आठ-धा येळा तीच पत्ती. दर येळी चव निराळी. मला त्ये लई नवल वाटायचं. एकच मानूस दिसभरात किती तऱ्हेनं बोलतंय, तसं.

रंग नव्या करडीच्या तेलासारखा, पिवळा, साफ. तोंडात घेतला की पहिला कडू. कारल्यासारखा न्हाई, मेथीच्या दान्यासारखा. मंग कच्च्या जांभळानं जीभ धरावी तशी धरायचा. मी तोंड वाकडं करायची, ताई वही उघडून वाट बघायच्या. "गिळलास? आता थांब. घाई करू नको." आन मी थांबायची. कूलर घुरघुरायचा. आन मंग कुठून की, गळ्याच्या खालून, गोडी वर यायची. आवळा खाऊन पानी प्यायल्यावर येती तशी. कप खाली ठेवला तरी यायची, भांडी घासताना यायची. मी एकदा म्हनलं, "ताई, ह्यो चहा प्यायल्यावर सुरू व्हतोय." ताईनं मान वर केली. मंग त्ये लिहून घेतलं, जसंच्या तसं. माझं बोलनं! वहीत! मी म्हनलं, वला हरभरा उपटल्यावर हाताला येतो तसा वास, त्येबी लिहिलं. बांधावर गवत पेटवलं आन दुसऱ्या दिशी गेलो तसा वास, त्येबी. आठवी अर्ध्यात सुटलेल्या बाईचं बोलनं कोन लिहून घेतंय? मला वाटायचं, मी कोनीतरी हाय. रातीला परीच्या पप्पाला सांगितलं तर म्हनले, "मंग आता माझ्या दाळीला बी चव सांग की, मीठ हाय का नुसतं कौतुकच?"

मंग ताई मावशीला घेऊन माहूरला निघाल्या. जाताना बांबूची जुडी कपाटात ठेवली, त्या दिसात फोडलेली भाकर बी कागदात गुंडाळून त्यातच बसवली. म्हनल्या, "ह्याला काही करू नकोस. नुसतं असू दे."

नुसतं असू दे. बायांनो, उन्हाळ्याच्या दिसात आपल्याला नुसतं असू देनं येतं का? मला न्हाई आलं. दुसऱ्या दिशी कपाट उघडलं तर जुडीला जरासा कोंदट वास. कूलरचा वलावा धरला असंल. माझ्या डोळ्याम्होरं बुरशी आली. वर्साचं धान्य ऊन दाखवल्याबिगर कोन ठेवतंय? तूर दाखवतो, ज्वारी दाखवतो, चिंच दाखवतो, गोधड्या सुद्धा दाखवतो. माझी माय डबा झाकायच्या आधी दाने दाताखाली धरून कट्ट वाजतंय का बघायची. आन ताईच तर म्हनल्या व्हत्या, तिकडं डोंगरात उन्हातच वाळवत्यात. ऊन तर त्याच्या वळखीचं! सात वर्सं टिकवायचा हाय म्हनल्यावर ऊन नको का? मला वाटलं ताई इसरल्या सांगायचं. मला वाटलं, आल्यावर म्हन्तील, बघा, मंगलनं किती ध्यान ठेवलं.

तीन दिस ऊन दाखवलं. पातळ एकच व्हतं, म्हनून धन्याच्या शेजारी. वरून पलटल्या बी, कुरड्या पलटतो तशा.

ताई माहूरहून आल्या त्या राती, त्या झोपल्यावर मी त्यातली चिमूटभर पत्ती करून बघितली. वल्या हरभऱ्याचा वास न्हाई. बांधाचा धूर न्हाई. गळ्याखालून वर येनारी गोडी न्हाई. नुसता कोरडा कडू, आन त्याच्यावर धने. चहा हुंगला की धने. मी वटा धरून उभी राहिले. तवा कळलं, चहा तूर न्हवं. चहा जवळ जे असंल त्ये पिऊन घेतो. ताईचं नाक जायच्या आधीचं एवढं एकच राह्यलं व्हतं त्यांच्यापाशी, त्ये मी तीन दिसात उन्हाला घातलं. आन मनात काय आलं सांगू? लाज वाटती. मनात आलं, ताईला कुठं कळनार हाय.

आठ दिसांनी ताई म्हनल्या, "आज करूया चहा. मी पण एक कप घेते, नुसता गरम म्हणून." मी केला. वतताना पानी सांडलं. परी काखेला. ताईनं कप उचलला, एक घोट घेतला, आन थांबल्या. परत नाकापाशी नेला. डोळे मिटले. त्या चार बाटल्यांम्होरं बसत्यात तशा, पर तोंड निराळं व्हतं. लेकराला झोपेत काय दिसावं तसं.

"मंगल."

"काय ताई?"

"धने."

मी परीला काखेत वर सारलं.

"धन्याचा वास येतोय मला. तिखट-बिखट नाही, तिखट तर नाक नसलं तरी कळतं. हा वास आहे गं. वास!" त्यांचा हात टेबलावर नाचाय लागला. दोन वर्सांनी पहिला वास. मंग हळूहळू हात थांबला. "पण चहात धने कुठून येतील? हा तर कागदात गुंडाळून बांबूत बांधलेला." त्यांनी कपात बघितलं. "डॉक्टर म्हणाले होते, कधी कधी नाक खोटं बोलतं. नसलेलेच वास दाखवतं. तुझी जीभ खरी आहे, मंगल. तू पी. तू सांग. धने लागतात का?"

मी प्यायले. तोंडभर धने.

ताई माझ्या तोंडाकडं बघत व्हत्या. परी माझ्या कानातलं वढत व्हती. मला जिन्याखालची खोली दिसली, थंड फरशी दिसली, मुखेडची गाडी दिसली, बोचकं दिसलं.

"न्हाई ताई," मी म्हनलं. "मला तर न्हाई लागत."

ताईनं कप खाली ठेवला. आवाज सुद्धा झाला न्हाई. वही उघडली, काय तरी दोन शबुद लिहिले, मिटली. दुसऱ्या दिशी येरवाळी टेबलावर बाटल्या न्हवत्या. कपाटात गेल्या. मी इचारलं तर म्हनल्या, "खोटं बोलणाऱ्या नाकाला काय रोज विचारायचं?"

वर्स गेलं. परी बोलाय लागली, माझ्या चपला घालून घरभर फटक फटक फिरती. ताई तिला अक्षरं शिकवत्यात. संगं मला बी, ही वही बी त्यांनीच दिली, म्हनल्या, जे येतं ते लिही, बोलतेस तसं लिही. कपाटातल्या चार बाटल्या मी दर आठवड्याला पुसते. लवंगाची उघडून हुंगते. माझं नाक चांगलं हाय. मला सगळं येतंय, दाळमिलीचा भुसा, वल्या पोत्याचा वास, परीच्या टाळूचा वास. ताईला साधा दुधाचा चहा करून देते. "कसा झालाय ताई?" "गरम आहे," म्हन्तात. वर्सभर त्यांचा चहा गरमच हाय. कवा कवा फुलके टाकताना त्या दाराशी येऊन उभ्या राहत्यात, नाक जरासं वर, आन मी बघितलं की लगीच पान्याचा तांब्या घेत्यात. नाक आलं व्हतं त्यांचं. दाराशी आलं व्हतं. म्या न्हाई म्हनून परत धाडलं.

आन आज सकाळी, मी धने पसरून खाली आले तर ताईनं बांबूची जुडी टेबलावर काढून ठेवलेली.

"वर्स झालं," म्हनल्या. "दुसरी भाकरी फोड. मी नाही पीत. तू पी आणि सांग, मी लिहिते. बघू कडूपणा उतरला का."

मी भाकर घेऊन वर आले, म्हनलं, उजेडात फोडते. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले हाय. दाभन टोचलं, पत्ती सुटली, नाकाशी नेली. धने हायेत आजून. जरा मऊ झालेत, पर हायेत. वर्सानं बी गेले न्हाईत. अजून पाच भाकरी हायेत, पाच उन्हाळे, आन दर उन्हाळ्याला ताई इचारनार, आन मी वल्या हरभऱ्याचं, बांधाच्या धुराचं खोटं सांगनार, आन ताई माझं खोटं खऱ्या अक्षरात लिहिनार. आन सांगितलं तर? तर ताईचा चहा गेला, मी गेले, खोली गेली, परीची पाटी गेली. पर ताईला एक कळंल, की त्या दिशी त्यांचं नाक खरं बोललं व्हतं. खोटं मी बोलले व्हते.

खालून हाक आली. "मंगल, पाणी उकळलं बघ. परी पण कप घेऊन बसलीय."

"आले ताई, आले."

उठता उठता मी पातळावरचे मूठभर धने उचलले. उन्हानं तापलेले, मुठीला चटका बसतोय. आता मी सहाव्या पायरीवर हाय. खाली ताई वही उघडून बसल्यात, नाकावर चष्मा, तोंड माझ्याकडं. मनात दोन गोष्टी हायेत. एक, कप त्यांच्या म्होरं ठेवायचा आन मूठ त्यांच्या नाकाशी उघडायची, म्हनायचं, ताई, त्या दिशी ह्योच वास व्हता का? दुसरी, मूठ तशीच पदराला पुसायची, कप घ्यायचा आन म्हनायचं, कडूपना उतरलाय ताई, लिहा.

घाम सुटलाय, धने तळहाताला चिकटलेत. माझी लेक खालून मला बोलवून राहिली, ताई बी. तुम्ही लेकुरवाळ्या असाल, तुम्हाला बी कुठली तरी थंड फरशी असंल. सांगा बायांनो, त्या दिशी तुम्ही काय म्हनला असता? आन आज, ह्या पायरीवर, तुम्ही मूठ उघडली असती का?